तांत्रिक मजकुरातल्या याद्या पुन्हा पुन्हा का बिघडतात : विरामचिन्हांची तपासणी, सोप्याकडून अवघडाकडे

माहितीपुस्तिका, कार्यपद्धती, तपासणीपत्रक, निविदा, प्रयोगशाळेतली सूचनापाटी, या सगळ्यांत यादी असतेच. आणि एकदा नीट केलेली यादी पुढच्या आवृत्तीत पुन्हा तशीच बिघडून समोर येते. कारण बहुतेक वेळा दुरुस्ती चिन्हाची होते आणि बिघाड चिन्हाच्या मागे, कळफलकात किंवा वाक्याच्या बांधणीत राहून जातो. खालच्या तपासण्या फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या कामापासून सुरू होतात आणि वाक्य मोडून नव्याने लिहिण्यापर्यंत जातात. हाच क्रम पाळा. सोपे दोष आधी निघाले की अवघड दोष उघडे दिसतात.

उदाहरणांसाठी शेतावरच्या पंपाची माहितीपुस्तिका घेतली आहे. तिच्यात सगळ्या प्रकारच्या याद्या सापडतात.

लक्षणे

- 'सूचना', 'टीप', 'साहित्य' अशा शब्दांपुढची दोन टिंबे शब्दाला चिकटलेली दिसतात, आणि फाइलमध्ये अपूर्णविराम शोधला तर ती ठिकाणे सापडत नाहीत.
- एका मुद्द्याच्या शेवटी पूर्णविराम, दुसऱ्याच्या शेवटी स्वल्पविराम, तिसऱ्याच्या शेवटी काहीच नाही.
- '१. ५ अँपिअरचा फ्यूज काढा' ही पहिली पायरी वाचून माणूस दीड अँपिअरचा फ्यूज शोधत बसतो.
- एका ओळीत सात स्वल्पविराम आहेत आणि वस्तू नेमक्या किती, ते मोजता येत नाही.
- यादी संपते, पण तिच्या तोंडाशी सुरू झालेले वाक्य संपत नाही. किंवा यादीखाली 'यांचा समावेश आहे' हे शब्द एकटेच लोंबकळतात.
- 'मुद्दा (क) पाहा' असे लिहिले की दोन माणसे दोन वेगळे मुद्दे उघडतात.
- यादी वाचूनही 'सगळे करायचे की यातले एखादे?' असे विचारायला फोन येतो.

पहिली चार लक्षणे वरवरची असतात. शेवटची तीन दिसली तर वाक्ये उघडावी लागतील, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

सुरू करण्याआधी फाइलची प्रत काढा, बदलांची नोंद ठेवणारी सोय चालू करा आणि वर्डमध्ये कंट्रोल+शिफ्ट+८ दाबून अदृश्य खुणा दाखवा. मोकळ्या जागा, टॅब आणि परिच्छेदाच्या खुणा दिसल्याशिवाय यादी तपासणे म्हणजे अंधारात वायरिंग तपासणे.

तपासणी १ : ती दोन टिंबे अपूर्णविराम आहेत की विसर्ग?

मराठी याद्यांमधला सर्वांत जास्त आढळणारा बिघाड हाच. 'सूचनाः' आणि 'सूचना :' पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात. पण पहिल्यात विसर्ग आहे, म्हणजे अक्षराचाच एक भाग. दुसऱ्यात विरामचिन्ह आहे. संगणकाच्या लेखी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर विसर्गापाशी थांबत नाही, पूर्ण शब्द म्हणून 'सूचना' शोधले तर 'सूचनाः' गाळले जाते, आणि कोणी शिस्तीने विसर्गाआधी मोकळी जागा सोडली की विसर्गाला टेकायला अक्षर न उरल्यामुळे तिथे टिंबाटिंबांचे वर्तुळ उमटते.

खात्री करायची सोपी पद्धत अशी. वर्डमध्ये त्या दोन टिंबांच्या लगेच पुढे कर्सर ठेवा आणि ऑल्ट+एक्स दाबा. टिंबांच्या जागी ०९०३ हा संकेतांक आला तर तो विसर्ग. ००३ए आला तर अपूर्णविराम. पुन्हा ऑल्ट+एक्स दाबले की चिन्ह जागेवर येते.

हे का होते, तेही समजून घ्या, नाहीतर महिन्याने पुन्हा होईल. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर इंग्रजी अपूर्णविरामाच्या कळीवर च आणि छ बसवलेले आहेत. म्हणजे मराठीत टंकन करताना अपूर्णविराम आणि अर्धविराम ही दोन्ही चिन्हे हाताशीच नाहीत. विसर्ग मात्र शिफ्ट धरून संयोगचिन्हाची कळ दाबली की मिळतो. टंकन करणारा माणूस भाषा बदलण्याचा खटाटोप टाळतो आणि विसर्ग ठोकून पुढे जातो. त्यात त्याची चूक कमी, कळफलकाची जास्त. उपाय दोन आहेत : विंडोज कळ+स्पेस दाबून क्षणभर इंग्रजीवर जाणे, किंवा ऑल्ट धरून उजवीकडच्या अंकपट्टीवर ५८ टाकणे. अर्धविरामासाठी ५९. संगणकाशेजारी हे दोन आकडे चिकटवून ठेवले तर निम्मे काम होते.

जुन्या फाइली दुरुस्त करताना सगळे विसर्ग एका झटक्यात बदलू नका. 'स्वतः', 'विशेषतः', 'अंशतः', 'निःशुल्क', 'पुनःप्रक्षेपण' यांतले विसर्ग बरोबर आहेत आणि ते तसेच राहायला हवेत. यादीच्या तोंडाशी आलेला चुकीचा विसर्ग बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी असतो. लिबरऑफिस रायटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनची (नमुना देऊन शोधण्याची) खूण चालू करून ः$ शोधा. फक्त ओळीच्या शेवटचे विसर्ग समोर येतील. एकेक पाहून बदला.

मराठी छपाईत अपूर्णविरामाआधी थोडी जागा सोडण्याची रीत याच गोंधळामुळे उपयोगी पडते. ती पाळायची असेल तर साधी मोकळी जागा न देता न तुटणारी जागा द्या : वर्डमध्ये कंट्रोल+शिफ्ट+स्पेस. साधी जागा दिली की ओळ मोडताना अपूर्णविराम एकटाच खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो.

आणि 'खालीलप्रमाणे :-' यातली आडवी रेघ काढून टाका. ती जुनी कचेरीतली सवय आहे. अपूर्णविरामाने जे सांगितले तेच ती पुन्हा सांगते, आणि पुढच्या ओळीला रेघेचीच बुलेट असेल तर नजर अडखळते.

तपासणी २ : दंड आणि तुटक्या बुलेट

हिंदी मजकुरावरून उतरवलेल्या याद्यांत ओळीच्या शेवटी '।' राहून जातो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून पूर्णविरामाची कळ दाबली तरी तोच उमटतो. मराठी गद्यात पूर्णविराम टिंबाचा; दंड ओव्या, अभंग आणि श्लोकांसाठी. इथे मात्र 'सगळे बदला' बिनधास्त वापरा, कारण तांत्रिक मजकुरात दंडाचे दुसरे काम नसते.

बुलेटच्या जागी चौकोनी डबी किंवा परके रोमन अक्षर दिसत असेल, तर ती बुलेट विंगडिंग्जसारख्या चित्रफाँटमधली होती आणि मजकूर दुसरीकडे चिकटवताना फाँट सुटला. ती हाताने पुसून साधा गोल ठिपका घ्या.

तपासणी ३ : क्रमांकामागचे टिंब आणि ओळीआधीची रेघ

क्रमांकानंतर टिंब देण्यात तसे काही वाईट नाही. अडचण येते ती मुद्दा आकड्याने सुरू झाला की.

१. ५ अँपिअरचा फ्यूज काढा
२. ३ मिनिटे थांबा

हे कागदावर १.५ अँपिअर आणि २.३ मिनिटे असेच वाचले जाते, विशेषतः छायाप्रतीत, जिथे मोकळी जागा आक्रसते. पूर्ण कंसातला क्रमांक हा प्रश्न मुळातून संपवतो : '(१) ५ अँपिअरचा फ्यूज काढा.' त्याहून चांगले म्हणजे वाक्य फिरवा : '(१) फ्यूज काढा (५ अँपिअर).' अर्धा कंस, म्हणजे '१)', तक्त्यात चालतो, पण वाक्याच्या ओघात न उघडलेला कंस बंद होताना दिसतो. सगळीकडे पूर्ण कंस ठेवणे सोपे.

रेघेची बुलेट याहून धोकादायक. लस साठवणुकीचे उदाहरण घ्या. आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर या लशींच्या शीतकपाटात लस +२ ते +८ अंश सेल्सिअसला ठेवतात, डीप फ्रीझरचे तापमान उणे १५ ते उणे २५ असते, आणि हिपॅटायटिस बीसारख्या लशी गोठल्या की निकामी होतात. आता सूचनापाटीवरची ही ओळ पाहा :

- ८ अंशांपेक्षा जास्त तापमान होऊ देऊ नका

ही रेघ बुलेटची की उणे चिन्हाची? लिहिणाऱ्याला उत्तर माहीत आहे, वाचणाऱ्याला नाही. ज्या दस्तऐवजात तापमान, दाब किंवा विद्युतभार यांचे आकडे आहेत, तिथे रेघेच्या बुलेटला पूर्ण बंदी घाला. उणे आकडा अक्षरी लिहा : 'उणे १५'. अधिक चिन्हही लिहा : '+८'.

तपासणी ४ : मुद्द्यांचे शेवट

इथे बरेचजण नियम शोधायला जातात आणि हाती काही लागत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत आणखी ४ आले. त्या अठरा नियमांत अनुस्वार आहे, ऱ्हस्व-दीर्घ आहे, पण उभ्या यादीच्या शेवटी काय द्यावे याबद्दल एक ओळही नाही. त्यामुळे निर्णय तुम्हीच घ्यायचा, लिहून ठेवायचा आणि सगळ्या दस्तऐवजात पाळायचा. आमच्या मते टिकणारी व्यवस्था अशी.

मुद्दे म्हणजे नुसती नावे असतील, तर शेवटी काहीच नको. नवीन ओळ हीच तिथे विरामाचे काम करते.

सोबत दिलेले साहित्य :
फूटव्हॉल्व्ह
ग्लँड पॅकिंगची दोरी
रबरी वॉशर

मुद्दे पूर्ण वाक्ये असतील, तर प्रत्येकाच्या शेवटी पूर्णविराम. आज्ञार्थी पायरी दोन शब्दांची असली तरी ती वाक्यच आहे.

(१) मेन स्विच बंद करा.
(२) सक्शन पाइप व पंपाचे आवरण पाण्याने भरा.
(३) शाफ्ट हाताने फिरवून पाहा.

तिसरा प्रकार म्हणजे यादीच्या तोंडापासून शेवटच्या मुद्द्यापर्यंत एकच वाक्य चालते. तिथे प्रत्येक मुद्द्यानंतर अर्धविराम, शेवटून दुसऱ्यानंतर अर्धविराम आणि 'आणि' किंवा 'किंवा', आणि शेवटच्यानंतर पूर्णविराम. हा प्रकार करार, नियम आणि निविदा यांच्यासाठी राखून ठेवा. पंपाच्या पुस्तिकेत तो वापरला तर वाचणाऱ्याला पाचही मुद्दे डोक्यात धरून ठेवावे लागतात.

सगळ्यात जास्त बिघडते ती मिश्र यादी : चार नावे आणि एक वाक्य. तिथे विरामचिन्हाशी झटापट करू नका. नावाचे वाक्य करा किंवा वाक्याचे नाव करा. 'बेल्टचा ताण', 'तेलाची पातळी', 'मोटर गरम होते का ते पाहा' यांतला तिसरा मुद्दा 'मोटरचे तापमान' केला की शेवटी काय द्यायचे हा प्रश्नच उरत नाही.

दोन बारकावे. मुद्दा 'कि.मी.' किंवा 'उदा.' अशा टिंबवाल्या संक्षेपाने संपत असेल, तर त्यावर दुसरे टिंब द्यायचे नाही. आणि 'इ.' किंवा 'इत्यादी'ने तांत्रिक यादी संपवू नका. सुट्या भागांच्या यादीत 'नट, बोल्ट इत्यादी' लिहिले, तर भाग मागवणाऱ्याने काय मागवायचे? यादी पूर्ण करा, किंवा 'आवरण बसवायला लागणारे सर्व नट-बोल्ट' असा निकष लिहा.

तपासणी ५ : स्वल्पविरामात स्वल्पविराम

ओळीतली यादी मोजता येत नसेल, तर बहुधा तिच्या एखाद्या घटकाच्या पोटातच स्वल्पविराम आहे. याचे उत्तर प्रत्येक मराठी शाळकरी मुलाच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेले असते. संविधानाच्या उद्देशिकेत आहे : 'सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय; विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य; दर्जाची व संधीची समानता;'. यातले अर्धविराम काढून स्वल्पविराम टाकून वाचा. 'न्याय, विचार, अभिव्यक्ती' अशी सरमिसळ होते आणि स्वातंत्र्य नेमके कशाकशाचे ते कळेनासे होते. लहान घटक स्वल्पविरामाने तोडायचे, मोठे गट अर्धविरामाने. एवढाच नियम, पण तो पाळला की लांब ओळ आपोआप उकलते.

आकड्यांच्या यादीत हाच दोष वेगळ्या रूपात येतो. '१,०००, १,५००, २,००० लीटरच्या टाक्या' यात काही स्वल्पविराम हजाराचे आहेत, काही यादीचे. इथे '१,००० लीटर, १,५०० लीटर, २,००० लीटर' असे लिहा, किंवा सरळ तक्ता करा. एककांची टिंबेही अशीच गर्दी करतात : '१० मि.मी., १२ मि.मी., १६ मि.मी.' याऐवजी '१०, १२ व १६ मिमी' लिहिले की निम्मी चिन्हे गळतात. एककाच्या चिन्हात टिंब नसावे हीच आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे.

तपासणी ६ : 'आणि', 'व' आणि त्याआधीचा स्वल्पविराम

मराठीत शेवटच्या घटकाआधी 'आणि' किंवा 'व' आला की त्याच्यामागे स्वल्पविराम देत नाहीत. इंग्रजी पुस्तिकेचा अनुवाद करताना तो चिकटून येतो. काढून टाका. त्याने घटक वेगळे होतील अशी आशा असते, पण मराठी वाचकाला ती सवय नसल्याने तो तिथे नवे वाक्य सुरू झाले असे समजतो.

घटक वेगळे दाखवायला मराठीकडे दोन अव्यये आहेत, त्यांचा उपयोग करा. जोडीत 'व', यादीत 'आणि' : 'मेन स्विच, स्टार्टर, नट व बोल्ट आणि केबल'. यात चार घटक आहेत हे एका नजरेत दिसते. उद्देशिकेत हेच उलट केले आहे : 'व्यक्तीची प्रतिष्ठा व राष्ट्राची एकता आणि एकात्मता', म्हणजे मोठ्या गटांत 'व', आतल्या जोडीत 'आणि'. कोणतीही बाजू घ्या, पण एका दस्तऐवजात एकच.

तपासणी ७ : यादीचे तोंड

आता अवघड भाग. वरचे सगळे नीट करूनही यादी खटकत असेल, तर दोष तिच्याआधीच्या ओळीत असतो.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. 'संचात पाना, पक्कड व टेस्टर आहेत' हे ओळीत छान वाचले जाते. पण हीच यादी उभी केली की 'आहेत' हा शब्द यादीच्या खाली ढकलला जातो आणि 'संचात :' एवढेच वर उरते. अपूर्णविराम द्यायला तिथे पूर्ण विधानच नाही. इंग्रजीत क्रियापद आधी येते, म्हणून तिथे अर्धे वाक्य वर ठेवून खाली मुद्दे लोंबवता येतात. ती बांधणी मराठीत उचलून आणली की विरामचिन्हे कितीही बदला, यादी जुळत नाही.

उपाय : यादीच्या आधीचे वाक्य स्वतःपुरते पूर्ण करा. 'पुढील', 'खालील' किंवा 'पुढीलप्रमाणे' हे शब्द त्यासाठीच आहेत.

चूक : चालकाने :
बरोबर : चालकाने पुढील तीन गोष्टी तपासाव्यात :

'गोष्टी' हा शब्द फुकाचा वाटतो आणि संपादनात बहुतेक वेळा तोच कापला जातो. तो कापू नका. कारण अशा वाक्यात मराठी क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. तेलाची पातळी तपासावी, बेल्टचा ताण तपासावा, ग्लँडमधून ठिबकणारे पाणी तपासावे. बाहेर एकच क्रियापद ठेवून तीन लिंगे सांभाळता येत नाहीत. 'गोष्टी', 'बाबी', 'भाग', 'कागदपत्रे' असा एक सामान्य शब्द सगळ्यांचे लिंगवचन आपल्या अंगावर घेतो, आणि मुद्दे मोकळे होतात.

चाचणी अशी : यादीचे तोंड आणि एकच मुद्दा असे जोडून मोठ्याने वाचा. मग तोंड आणि दुसरा मुद्दा. प्रत्येक जोडी अडखळल्याशिवाय वाचता आली पाहिजे. जी जोडी अडखळते तो मुद्दा दुसऱ्या घडणीचा आहे. 'करा' आणि 'करावे' यांची सरमिसळही याच चाचणीत पकडली जाते. आणि तोंडात 'तीन गोष्टी' लिहिले असेल, तर मोजा. नंतर कोणीतरी चौथा मुद्दा घातलेला असतो.

ओळीतल्या यादीत हाच दोष विभक्तीत दिसतो. 'फूटव्हॉल्व्ह, सक्शन पाइप व बेअरिंगची तपासणी करा' यात 'ची' फक्त बेअरिंगला लागला आहे. बोलताना चालते, कारण हातवारे आणि सूर मदतीला असतात. लिहिताना 'फूटव्हॉल्व्ह, सक्शन पाइप व बेअरिंग यांची तपासणी करा' असे लिहा. 'यांची', 'यांना', 'यांमध्ये' हा मराठीचा स्वतःचा बंद कंस आहे. यादी कुठे संपली ते तो सांगतो, आणि त्याच्यामुळे निम्म्या ठिकाणी जादा विरामचिन्हाची गरजच पडत नाही.

विशेषणांकडेही लक्ष द्या. 'नवीन दोरी, वॉशर व बोल्ट वापरा' : नवीन काय काय? 'नवीन' हा शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे तो तिन्ही वस्तूंवर पसरतो किंवा पसरत नाही, दोन्ही शक्य. मेकॅनिक जुनाच वॉशर परत बसवतो आणि जोडातून पाणी झिरपते. स्वल्पविराम हलवून हे सुटणार नाही. 'वॉशर नवा, दोरी नवी. बोल्ट जुने चालतील' इतके उघड लिहा.

तपासणी ८ : अ-ब-क-ड की क-ख-ग?

उपमुद्द्यांना अक्षरे देताना मराठीत तीन माळा चालतात : अ, ब, क, ड; अ, आ, इ, ई; आणि क, ख, ग, घ. पहिल्या माळेत 'क' तिसरा, शेवटच्या माळेत पहिला. पहिली माळ पुढे इ, फ, ग अशी गेली की 'इ' तिथे पाचवा होतो, दुसऱ्या माळेत तो तिसरा. शासकीय कागदांतही एकवाक्यता नाही : जमिनीचा उतारा 'गाव नमुना ८-अ', तर मूलभूत कर्तव्यांचा अनुच्छेद '५१ क'. इंग्रजीत दोन्हीकडे अक्षर पहिलेच आहे.

एका दस्तऐवजात एकच माळ ठेवा. आमची शिफारस क-ख-ग. मराठी किंवा हिंदी संपादनभाषा चालू असेल तर वर्डमध्ये तिचे आपोआप क्रमांकन मिळते. अ-ब-क-ड मात्र हाताने टाकावे लागते, आणि मधला मुद्दा काढला की पुढची सगळी अक्षरे चुकतात. संदर्भ देताना 'वरील मुद्दा' न लिहिता '४ (ख)' असे पूर्ण लिहा, आणि तोही हाताने न टाकता क्रॉस-रेफरन्सच्या सोयीने घाला. शेवटी कंट्रोल+ए आणि एफ९ दाबले की सगळे संदर्भ ताजे होतात.

क्रमांक किंवा अक्षरे तिथेच द्या जिथे क्रम महत्त्वाचा आहे किंवा संदर्भ द्यायचा आहे. एरवी ठिपका पुरे. आकडा दिसला की माणूस त्या क्रमाने काम करतो.

तपासणी ९ : सगळे, की यातले एक?

सर्वांत शेवटी, कारण याचे उत्तर बहुधा मजकुरात नसतेच. लिहून घेणाऱ्याला विचारावे लागते. 'अर्जासोबत आधार कार्ड, वीजबिल, भाडेकरार जोडावा' यात तिन्ही हवेत की कोणतेही एक, ते स्वल्पविराम सांगू शकत नाही. शेवटून दुसऱ्या मुद्द्यानंतरचा 'किंवा' उभ्या यादीत सहज नजरेआड होतो. म्हणून अट यादीच्या तोंडात आणा : 'पुढील सर्व कागदपत्रे', 'पुढीलपैकी कोणतेही एक', 'पुढीलपैकी किमान दोन', 'पुढीलपैकी काहीही करू नये'. 'पैकी' हा छोटा शब्द इथे अर्धविरामांच्या रांगेपेक्षा जास्त काम करतो. 'आणि/किंवा' ही तिरकी रेघ मात्र कधीच नको. ती निर्णय वाचकावर ढकलते.

दोष परत येऊ नये म्हणून

एक पानाचे शैलीपत्रक करा : क्रमांक कोणता, अक्षरमाळ कोणती, मुद्द्यांचे शेवट कसे, 'व' आणि 'आणि' कुठे, एककांत टिंब आहे की नाही. बाहेरचा मजकूर नेहमी साधा मजकूर म्हणून चिकटवा आणि यादीची शैली आपल्या साच्यातून लावा. हाताने टाकलेले क्रमांक आणि आपोआप येणारे क्रमांक एका यादीत मिसळले की तपासणी ३ आणि ८ पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

कुठे थांबायचे

करारनामा, निविदा, संस्थेचे उपविधी किंवा कायद्याचा मजकूर असेल, तर पहिल्या दोन तपासण्यांपलीकडे जाऊ नका. तिथला एक अर्धविराम किंवा 'किंवा' हलवला तर हक्क आणि जबाबदारी हलते. दोष दिसला तर खूण करून विधी सल्लागाराकडे पाठवा. अधिनियमाचा अधिकृत मराठी पाठ उतरवून घेताना तो खटकला तरी जशास तसा ठेवा.

औषधाची मात्रा, विजेचा दाब, बॉयलर, लसींची शीतसाखळी अशा याद्यांत दोष तुम्ही शोधा, पण बदल त्या विषयाच्या तज्ज्ञाच्या सहीशिवाय करू नका. '२. ५ मिली' हे दुसरा मुद्दा आणि पाच मिली आहे की अडीच मिली, हे भाषेच्या जाणकाराने ठरवायचे नाही, मग संदर्भ कितीही स्पष्ट वाटो.

मूळ इंग्रजी यादीच संदिग्ध असेल, तर अनुवादकाने अंदाजाने एक अर्थ निवडू नये. मूळ लेखकाला प्रश्न पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत ती यादी अडवून ठेवावी.

आणि जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधली शेकडो पाने असतील, तर हाताने विसर्ग शोधत बसू नका. त्या फाँटचे रूपांतर करणारा डीटीपीचा माणूस गाठा, आधी दहा पाने रूपांतरित करून घ्या, त्यांवर तपासणी १ ते ३ चालवा, आणि ती पार पडली तरच उरलेली पाने त्याच्याकडे द्या.